कडेच्या प्याद्याची चाल

शहरातल्या बुद्धिबळ स्पर्धेत फ्रेमवाला सहा वर्षं पहिल्याच फेरीत गारद होत आला होता. यंदा बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "ह्या खेपेलाही पहिल्या फेरीत हरलात, तर पट माळ्यावर. कायमचा!" गडी हादरला. त्याने डाव सुरू करायची एकच पद्धत, एकच ओपनिंग धरली, तिच्या अठरा चाली कागदावर उतरवून दुकानात, काचा कापायच्या टेबलासमोर चिकटवल्या आणि घोकून घोकून पाठ केल्या. येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवल्याही. पोटात काही ठेवायची त्याला सवयच नव्हती.

पहिल्या फेरीत समोर आले गणिताचे मास्तर, गेल्या वर्षीचे विजेते. फ्रेमवाल्याकडे पांढरी मोहरी. त्याने वजिरापुढच्या प्याद्याकडे हात नेला, तेवढ्यात नजर कडेला गेली. टोकाचं प्यादं घराच्या मधोमध नव्हतं. वीस वर्षं चौकटी सरळ करणाऱ्या माणसाला वाकडं काही बघवतं होय? हात आपोआप वळला आणि प्यादं सरळ करून मोकळा झाला.

"हात लागला," मास्तर म्हणाले. "आता तेच चालवा."

"अहो, मी नुसतं सरळ केलं!"

"आधी सांगायचं असतं. पंच, सांगा यांना."

पंचांनी मान डोलावली. रडवेल्या तोंडाने फ्रेमवाल्याने ते प्यादं एक घर पुढे सारलं. अठरा चाली पाण्यात गेल्या.

पण मास्तर काही खेळेनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "ही चाल तुमच्या कागदावर नव्हती," ते अखेर पुटपुटले.

"कुठल्या कागदावर?"

मास्तर ओशाळले. नातीचा फोटो फ्रेम करायला आले होते, तेव्हा त्यांनी गुपचूप अठराही चाली टिपून घेतल्या होत्या आणि महिनाभर त्यांची उत्तरं पाठ केली होती. नियम दाखवायच्या हौसेपायी तो सगळा अभ्यास त्यांनीच फुकट घालवला होता. फ्रेमवाल्याला एकदम हलकं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःच्या डोक्याने खेळू लागला, आणि गंमत म्हणजे डोकं चाललं. मास्तर मात्र त्या कडेच्या प्याद्यात कावा शोधत बसले आणि त्या नादात वजीर घालवून बसले. तासाभरात त्यांनी हार मानली.

फ्रेमवाल्याने सवयीने पिशवी उचलली आणि दाराकडे निघाला.

"अहो, निघालात कुठे?" पंच ओरडले. "दुसरी फेरी आहे तुमची!"

त्याने तिथूनच घरी फोन लावला. "जिंकलो गं."

पलीकडून बायकोचा हसू दाबलेला आवाज आला, "मग जेवायला किती वाजता येताय?"

"कोण जाणे," तो म्हणाला. "दुसरी फेरी किती वेळ चालते, ते मला काय ठाऊक?"