कै. गेणबा मार्ग

रस्ता हा मुळात नावासाठी बांधतात. त्यावरून वाहनं जातात, हा भाग वेगळा.

कारेगावहून राहू गावाकडे निघणारा आमचा रस्ता २००१ साली डांबरी झाला. तो सरळच जाणार होता, पण मध्ये सरपंच सत्यजीतरावांचा ऊस आला, आणि विकासाला ऊस तोडवत नाही (बागायती मन हळवं असतं). म्हणून रस्ता वळून गेणबांच्या जिराईत वावरातून काढायचं ठरलं. गेणबांचे वाडवडील मेंढरं घेऊन हिंडायचे. जमिनीला चिकटलेली ही पहिलीच पिढी, ती सोडेना. तेव्हा सत्यजीतरावांनी रस्त्याला गेणबांचंच नाव द्यायचा शब्द दिला. गेणबा विरघळले.

पण नावाचा ठराव वरून परत आला. जिवंत माणसाचं नाव चालत नाही. नियम योग्यच आहे; जिवंत माणूस पुढं काय करील, याचा भरवसा नसतो.

सत्यजीतराव घरी आले. म्हणाले, "आबा, नावाआधी फकस्त 'कै.' लावायचंय. आज ना उद्या लागणारच हाय."

गेणबांनी विचार केला. "जेवायला घरी येता येईल न्हवं?"

येईल, असा खुलासा झाला.

उद्घाटनाच्या भाषणात आपण किती थोर होतो, हे गेणबांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि डोळे पुसले. पाटी वाचून पार पाबळहून लोक भेटायला आले. चहा गेणबाच देत. मंडळी संकोचून अर्धाच कप घेत. शेजारच्या हौसरावांनी तर हुंदका देऊन सरकवलेला बांध मागं घेतला.

गेणबांच्या बायको गिताबाई मात्र टिकाव घेऊन पाटी उपटायला निघाल्या. कपाळावर कुंकू असताना हा अभद्रपणा त्यांना सोसेना. गेणबा आडवे आले.

"राहू दे गं. जिता हुतो तवा कुनी चांगलं बोललं न्हाई. आता समदी बोलत्यात."

गिताबाईंनी टिकाव खाली ठेवला. म्हणाल्या, "मग माझंबी नाव घाला. 'कै.' लावून."

घातलं. मग सगळ्यांनाच हौस आली. वर्षभरात गावातला बोळन् बोळ कुणाचा ना कुणाचा मार्ग झाला. सत्यजीतरावांनी स्वतःसाठी चौक घेतला. आज गावात बहुतेक सगळे कैलासवासी आहेत. मतदानाला मात्र एकही चुकत नाही.

तुम्ही हसलात. ठीक आहे. आता तुमच्या पत्त्यात ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, ते कोण होते, सांगा पाहू.

आमच्याकडे ते स्वतः सांगतात.