फोटूमामांची बोटं

आमच्या परतूरच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारे फोटूमामा सत्तरीच्या म्हातारीलाही विचारायचे, "दिवस तर गेले न्हाईत ना?"

आष्टीच्या एका आजीनं काठीच उगारली. "मुडद्या, माझ्या नातवाला लेकरू झालंय."

"बराबर हाय आजी," मामा शांतपणे म्हणाले. "पण इचारल्याबिगर मी मशीन चालू करत न्हाई."

ऐंशीच्या दशकात मी तिथं नर्स होते. एक्स-रेला सगळे फोटूच म्हणायचे आणि तो काढला की निम्मं दुखणं बरं होतं, अशी लोकांची समजूत. वाटूरचे एक पाटील येऊन म्हणाले, "सगळ्या अंगाचा काढून टाका. खर्च्याची फिकीर न्हाई."

"लगनाचा फोटू हाय का?" मामा म्हणाले. "ह्या किरणांनी काय केलं ते आज दिसत न्हाई, वीस वर्षांनी दिसतंय. जा घरी."

डॉक्टरांनी दुबार फोटो सांगितला तरी तेच. "साहेब, कालचाच बघा. हाड रातीतून कुठं हिंडलं न्हाई." डॉक्टर हसायचे आणि कालचाच बघायचे. मला तर ते त्या खोलीच्या उंबऱ्यावरही थांबू देत नसत. "ताई, भिंतीमागं."

एवढा किरणांना भिणारा माणूस. पण तान्ह्या लेकराच्या छातीचा फोटो असला की वेगळाच व्हायचा. लेकरू हलतं, कुणीतरी धरावं लागतं. आई पुढं व्हायची तर मामा तिला बाहेर काढायचे. "तू जवान हाईस बाई, तुला अजून लेकरं व्हायची." मग शिशाचा जड एप्रन अंगात घालून उघड्या हातांनी स्वतःच धरायचे. हातमोजे होते, पण त्यातून लेकरू निसटतं म्हणायचे. ते "हं" म्हणाले की भिंतीमागून बटण मी दाबायचे.

अशी कैक वर्षं गेली. मग त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं काळवंडली. कातडी भेगाळली, एक जखम झाली आणि ती वर्षभर भरेना. मामा हळद लावून काम करत राहिले. शेवटी डॉक्टरांनी बळंच औरंगाबादला पाठवलं. तिथं जखमेचा तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला. किरणांनीच झाला का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "छातीवर हात ठेवून कुणी सांगणार नाही. पण इतकी वर्षं उघडे हात म्हणजे शक्यता मोठी."

दोन्ही बोटं काढावी लागली. पण रोग तिथंच थांबला. मामा पुढं कितीतरी वर्षं धडधाकट जगले.

टाके काढायला ते माझ्याकडं आले. मी म्हटलं, "मामा, बटण मी दाबत होते."

"तुम्ही बराबर दाबलं. एका बी लेकराचा फोटू दुबार काढावा लागला न्हाई."

"पण तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग का धरत होता?"

घरी ते एकटेच. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ झालंच नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "मला तान्हं लेकरू कोण देतंय हातात? फोटूपुरतं तरी देत व्हते."