दुसऱ्या सिलिंडरचं दुखणं

इंजिनाची नाडी मला नुसत्या कानाने कळते. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, लोकांना माहीत असावं म्हणून सांगतो! ऑफिसात कोणाच्या गाडीने जरा खाकरलं की लोक आधी माझ्या टेबलाशी येतात. मग मेकॅनिककडे जातात ती गोष्ट वेगळी.

तर माझी स्वतःची गाडी. पिवळी, दोन आसनांची, बावीस वर्षांची स्पोर्ट्स कार. कॉलेजात असताना अशीच एक गाडी सिग्नलला माझ्या सायकलशेजारी येऊन उभी राहिली होती, तेव्हापासून मला ती हवी होती. मिळाली तेव्हा चाळिशी उलटलेली. आत बसताना कंबर कुरकुरायची आणि बाहेर पडताना बायकोला हात धरून ओढावं लागायचं. पण माझा त्या गाडीवर फार जीव होता. अगदी फार!

तिला एक खोड लागली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की जागच्या जागी उभी राहून थडथड थडथड! मध्येच एक हुंदका, आरसे लटलट, दारं खडखड. दहा मिनिटांनी गरम झाली की एकदम शहाण्यासारखी वागायची.

"अहो, ही गाडी आहे की हिवतापाचा पेशंट?" बायको म्हणाली.

बायको शिवणकामाचे वर्ग चालवते. सहा मशीन आमच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने उभी असतात आणि तिचा गॅरेजवर फार दिवसांपासून डोळा. सोमवारी सकाळी तिने निकाल दिला. "रविवारी बॉनेटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि गाडी सुरू करायची. थेंब सांडला नाही तर गाडी राहील. सांडला तर दंतवैद्य ती घेऊन जातील आणि गॅरेजमध्ये माझी मशीन येतील."

मागच्या गल्लीतले दंतवैद्य दोन महिन्यांपासून गाडीसाठी विचारत होते.

"रविवार कशाला?" मी छाती फुगवून म्हणालो. "बुधवारीच दाखवतो!"

मी स्कॅनर आणला. डॅशबोर्डखाली जोडला की तो दोष कुठे आहे ते आकड्यात सांगतो. त्याने सांगितलं, दुसरा सिलिंडर ठिणगी चुकवतोय. चार सिलिंडर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॉइल, ती ठिणगीला वीज पुरवते. आता कॉइल बिघडली की आणखी काही, एवढंच शोधायचं.

यासाठी एक झकास युक्ती आहे. दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर लावायची आणि तीनची दोनवर. दुसऱ्या दिवशी स्कॅनरने 'तीन' म्हटलं, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल गेली. 'दोन'च म्हटलं, तर कॉइल निर्दोष. ही युक्ती मी कोणाला सांगितली नाही. शोध लागला की मगच जाहीर करायचा, हा माझा स्वभाव.

त्या महिन्यात सासरेबुवा आमच्याकडे राहायला आले होते. छत्तीस वर्षं ग्रंथपाल. दिवसाला मोजून चाळीस शब्द बोलतात. पण पहाटे उठून त्यांनी गॅरेज असं लावून ठेवलं होतं की मला माझे पाने आयुष्यात पहिल्यांदा सापडू लागले. मी त्यांना मुद्दाम बोलावून इंजिन दाखवलं. हाताखाली कौतुक करणारा माणूस असला की काम चांगलं होतं!

"बघा बाबा, एक क्लिप आणि एक बोल्ट. कॉइल बाहेर! हा घ्या पाना, तुम्हीच करून बघा."

त्यांनी एक कॉइल अलगद काढली आणि तितक्याच अलगद बसवली. मग मी पांढऱ्या रंगाने चारही कॉइलवर एक ते चार आकडे घातले आणि खाली इंजिनावरही तेच आकडे.

"क्रमांक घातलेत हे उत्तम केलंत, जावईबापू," ते म्हणाले आणि फिरायला गेले. ते गेल्यावर मी दोन आणि तीनची अदलाबदल केली.

मंगळवारी सकाळी थंड गाडी सुरू केली. थडथड! स्कॅनर म्हणाला, दोन. म्हणजे कॉइल निर्दोष!

संध्याकाळी ठिणगी पाडणारे प्लग बदलायला बॉनेट उघडलं तर कॉइल आपापल्या जागेवर. दोनवर दोन, तीनवर तीन. मी जरा चक्रावलो.

"अगं, सकाळी मी गाडीचं काही काढलं होतं का?"

"मला काय माहीत? काल डोळ्यांवर चष्मा लावून तुम्ही चष्माच शोधत होतात!"

हे खरं होतं. ऑफिसच्या घाईत मीच परत लावल्या असणार. मी चार नवे प्लग घातले आणि खातरजमा म्हणून या वेळी दोन आणि चारची अदलाबदल केली.

बुधवारी सकाळी थडथड! स्कॅनर म्हणाला, दोन. नवे प्लग, दुसरीच कॉइल, तरी दोन! मला आता त्या आकड्याचा राग यायला लागला. ऑफिसात लिफ्टनेसुद्धा मी दुसऱ्या मजल्यावर उतरेना.

मग संशय हवेच्या गळतीवर गेला. गुरुवारी मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवू लागलो. खिडकीतून बायको ओरडली, "लागला का फोन?" मी लक्ष दिलं नाही. कारण मला फुसफुस ऐकू आली! स्पष्ट फुसफुस! दिसेल त्या नळीला मी चिकटपट्टी गुंडाळली. इंजिन प्लास्टरमध्ये घातल्यासारखं दिसू लागलं. फुसफुस चालूच. तासाभराने कळलं, शेजारीण बागेला पाणी घालत होती.

शुक्रवारीही दोन. शनिवारी मान खाली घालून मी जुन्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं.

"कॉइल बदलून बघितली?"

"दोनदा! तीनशी आणि चारशी."

"प्लग?"

"चारही नवे."

"हवा?"

मी चिकटपट्टीकडे बोट दाखवलं. त्याने तिचं एक टोक सोलून पाहिलं. "साहेब, एवढं सगळं करून दोष तिथेच, म्हणजे आतला व्हॉल्व गेला. अख्खं इंजिन खोलावं लागणार."

इंजिन खोलायचं म्हणजे महिनाभर. रविवार तर उद्यावर आलेला. मला त्या संध्याकाळी खरोखर रडू येत होतं. कॉइल याही वेळी आपापल्या जागेवर होत्या, त्याही मीच विसरून परत लावल्या असणार. शेवटचा उपाय म्हणून मी दोन आणि एकची अदलाबदल केली, बॉनेटवर हात फिरवला आणि आत गेलो.

रविवारी गॅरेजमध्ये बायको, सासरेबुवा आणि दंतवैद्य. बॉनेटवर पेला. मी किल्ली फिरवली. थडथड! पेला आधी शहारला, मग चालायला लागला, कडेपर्यंत आला आणि सरळ दंतवैद्यांच्या बुटांवर! पण ते खूश. कीड दिसली की आनंद होणारा माणूस तो! कागदांवर सह्या झाल्या आणि माझी पिवळी गाडी हुंदके देत कोपऱ्यावरून वळली. दुपारी तिच्या जागी सहा मशीन उभी होती.

संध्याकाळी चहा घेताना सासरेबुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट झालं, जावईबापू. सगळं जागच्या जागी असूनही दोष गेला नाही."

"जागच्या जागी म्हणजे?"

"तुम्ही दमून येत होतात. घाईत क्रमांक चुकायचे. दोनच्या जागी तीन, एकदा चार, काल एक. मी सकाळी उठल्यावर लावून ठेवत होतो."

"बाबा! मग मला सांगितलं का नाही?"

"पुस्तक चुकीच्या कप्प्यात ठेवलं म्हणून वाचकाला चारचौघांत बोलायचं नसतं," ते अगदी मायेने म्हणाले. "त्याला लाज वाटते. आपण गुपचूप जागेवर ठेवायचं."

बायको उशीत तोंड खुपसून जी हसली, ते जेवायची वेळ होईपर्यंत! मला सासरेबुवांवर धड चिडताही येईना. छत्तीस वर्षांत माझ्याएवढा बेशिस्त वाचक त्यांना भेटला नसेल, तरी बिचाऱ्यांनी माझी अब्रू झाकली होती.

सोमवारी संध्याकाळी धीर करून मी दंतवैद्यांना फोन लावला. ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं आणि गाडी परत मागायची.

"डॉक्टर, त्या गाडीची दोन नंबरची कॉइल..."

"गेलीच होती!" ते आनंदाने ओरडले. "काल रात्री दोनची तीनवर लावली, आज सकाळी दोष तीनवर! लगेच नवी आणून बसवली. आता पेला काय, बशी भरून पाणी ठेवा! गाडी आता मी म्हातारपणापर्यंत सोडत नाही. पण काय हो, एवढी साधी गोष्ट तुम्हाला आठवडाभर कशी सापडली नाही?"

माझ्या समोर सासरेबुवा बायकोच्या दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावत बसले होते. त्यांच्यादेखत मी काय सांगणार!

"डॉक्टर," मी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच राहतो. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज विचारलं."