सीलबंद प्रोग्रॅमचा ठराव

एका जंगलात, बाळांनो, राजा नव्हता. समिती होती. आणि त्या समितीचा चिटणीस होता एक साळिंदर. म्हणजे मीच. हसताय काय?

आमच्या समितीनं कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली तयार केली होती. नाव ‘मोकळं रान’. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. नियम एकच. ज्याच्या आत डोकावता येत नाही, असं काहीही तिच्यात घालायचं नाही. हा नियम मी लिहिला होता, आणि तो मला फार आवडायचा.

एके सकाळी दवाखान्यातल्या शेकरू, झुबकाताई, धापा टाकत माझ्याकडे आल्या.

“चिटणीस, भेकरीण अडलीय! पाडस आडवं आलंय. डोंगरापलीकडच्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवर बघून सांगायला तयार आहेत. पण दवाखान्याच्या नव्या लॅपटॉपवर कालच तुमचं रान चढवलं, आणि वायफायच लागत नाही.”

कारण मला लगेच कळलं. त्या वायफायच्या कार्डाला जागं करायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो. कार्डाचा कारखाना तो देतो, पण सीलबंद. आत काय आहे ते कुणालाच बघू देत नाही. म्हणून आम्ही तो ठेवत नव्हतो.

“कार्ड चुकीचं घेतलंत, ताई,” मी म्हणालो. एवढी मदत मी ताबडतोब केली.

“मग आता काय करू?”

“थांबा. तातडीची सभा बोलावतो.”

सभा तासाभरात भरली. आमच्या मानानं हा विक्रमच. त्यातली वीस मिनिटं ‘सीलबंद’ म्हणावं की ‘अपारदर्शक’, यावर गेली. मग मी बोलायला उठलो. स्वातंत्र्यावर बोललो. फार छान बोललो. “आज एकाला आत घेतलं, तर उद्या कुणाला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?” टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर झुबकाताईंनी विचारलं, “चिटणीस, या सभेची नोटीस कशी पाठवलीत?”

“ई-मेलनं.”

“तुमच्या लॅपटॉपला इंटरनेटची केबल तर दिसत नाही. आणि कार्ड तर याच कारखान्याचं.”

मी काटे फुलवले.

ताईंनी मग एकेका सभासदाकडे पाहिलं. एकेक मान खाली गेली. तो सीलबंद प्रोग्रॅम माझ्यासकट सगळ्यांकडे होता. प्रत्येकानं कुठून तरी गुपचूप आणला होता.

फक्त एकाकडे नव्हता. खवले मांजर, आमचे खवलेआप्पा. ते तीन वर्षं त्याच कार्डासाठी उघडा प्रोग्रॅम लिहीत होते, आणि तोवर जिथं जातील तिथं केबल ओढत न्यायचे.

“माझा अजून नीट चालत नाही,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “तुझा देऊन टाक त्यांना. ती बाई तिकडे कळा सोसतेय आणि तू भाषण काय करतोस?”

मी पेनड्राइव्ह दिला. वायफाय लागलं. डॉक्टरीणबाई सांगत गेल्या, ताई पाडस हळूहळू वळवत गेल्या. दुपारी ते लटपटत उभं राहिलं. मी दाराबाहेरूनच पाहिलं. आत जायची लाज वाटली.

संध्याकाळी पुन्हा सभा झाली. सीलबंद प्रोग्रॅमसाठी वेगळं फडताळ करायचं ठरलं. त्यावर लिहायचं, ‘हे मोकळं नाही.’ प्रणाली चढवताना ज्याला लागेल त्याला विचारून त्यातला प्रोग्रॅम द्यायचा. फडताळ आमच्याच घरात, आमच्याच भिंतीला. तरी ते आमचं नव्हे, असं कलम मी स्वतः सुचवलं. ते मंजूर झालं, एकमतानं मात्र होता होता राहिलं. आप्पांनी विरोधात मत दिलं, केबल गुंडाळली आणि ते पुन्हा आपला प्रोग्रॅम लिहायला बसले.

तात्पर्य: बाळांनो, तत्त्व कधीही चोरून मोडू नये. आधी सभा बोलवावी, ठराव मांडावा, मग मोडावं. चोरून मोडलं तर ती लबाडी होते. ठराव करून मोडलं की तेच धोरण.