लुगड्याचं कुंपण

परसातली वांगी बकऱ्यांपासून वाचवायची, तर कुंपण हवं. आणि फुकटात हवं, तर घरातल्या जुन्या साड्या हव्यात. दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांनी बांधाला साड्या गुंडाळलेल्या केरूनानांनी पाहिल्या होत्या. अंबडच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून घरामागच्या पडीक तुकड्याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लागले, फुटक्या बेसिनात पाखरांसाठी पाणी आलं. ते पाणी मात्र बायकोच्या, लंकाबाईंच्या हट्टापायी. "तुम्ही भाजी खाणार, मग पाखरांनी काय नुसतं बघायचं?" असा त्यांचा रोकडा सवाल होता.

लंकाबाई भाच्याच्या लग्नाच्या पापड-कुरडया करायला माहेरी नांदगावला गेल्या, तेव्हा नानांनी गोधडीसाठी राखलेलं जुनेर माळ्यावरून काढलं. गाठोड्याच्या पोटात एक जांभळं नऊवारी लुगडं निघालं. विटकं खरं, पण लांबीला असं, की कुंपणाची अख्खी बाजू एकट्यानं उरकली. नाना स्वतःवरच खूश झाले.

लग्न तोंडावर आल्यावर लंकाबाई नवऱ्याला न्यायला परतल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "तुमचा सफारी काढते, आन् आईचं लुगडंबी. लग्नात मी तेच नेसणार. तेवढंच उरलंय तिचं माझ्याकडं. कसर लागू नये म्हणून जुनेरात बांधून ठेवलं व्हतं."

नानांना ठसका लागला. "ते... इस्त्रीला दिलंय," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी मागच्या दाराला कडी घातली.

"तुम्ही? आपणहून?" लंकाबाईंचे डोळे भरून आले. या माणसानं उभ्या संसारात स्वतःचा रुमालही इस्त्रीला दिला नव्हता. त्या कौतुकात त्यांनी पुरणपोळीचा घाट घातला आणि पुरण वाटायला बसल्या, ते नेमक्या मागच्या दाराला टेकून. लुगडं गुपचूप सोडून धुऊन आणायचा नानांचा बेत तिथेच फसला.

दुसऱ्या दिवशी भिका इस्त्रीवाला बोचकं घेऊन गल्लीत आला. लंकाबाईंनी त्याला दारातच गाठलं.

"भिका, माझं जांभळं लुगडं?"

"माझ्याकडं नाय आलं, वयनी."

"आरं, यांनी सोता दिलंय तुझ्याकडं!"

भिकाचा चेहरा उतरला. नाना खोटं बोलतील, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. त्यानं ओट्यावरच बोचकं सोडलं, एकेक कपडा झटकला आणि शेवटी कानाला हात लावला. "माझ्याच हातनं गेलं असंल. काय म्हणाल ते भरून देतो."

"आईचं लुगडं कसं भरून देशील रे?" असं म्हणून लंकाबाई रडायलाच लागल्या.

मग मात्र नानांना राहवलं नाही. त्यांनी मागच्या दाराची कडी काढली. "भिकाचा काय दोष नाय. इकडं ये."

मातीनं माखलेलं लुगडं कुंपणावर ताणलेलं होतं. लंकाबाई पुढं झाल्या. एकेक गाठ सोडत वांग्यापाशी आल्या, तोच एवढासा शिंपी पक्षी टोमॅटोच्या डब्यावर बसून तावातावानं भांडू लागला. त्या वाकल्या. लुगड्याच्या आडोशाला वांग्याची दोन पानं एकमेकांना टाचलेली होती. टाका जांभळ्या दोऱ्याचा, पदराच्या दशांमधला. आत इवलीशी अंडी.

त्यांनी त्या टाक्यावरून अलगद बोट फिरवलं. आईच्या हातच्या गोधड्यांत घरातली सगळी पोरं वाढली होती.

"आईला फाटकं कायबी टाकवायचं नाय," त्या हळूच म्हणाल्या. "शिवू दे हिला." आणि सोडलेल्या गाठी त्यांनी पुन्हा बांधल्या.

नानांचेही डोळे ओले झाले. शिवाय आपण स्वस्तात सुटलो, असंही त्यांना वाटलं.

"आपण लग्नाला गेल्यावर मांजर आलं तर?" लंकाबाईंनी विचारलं.

"बघतो कायतरी."

"राहू द्या. तुम्ही लय बघितलं. आता मी बघते."

निघायच्या दिवशी नाना आंघोळ करून कपाटापाशी गेले. निरोप समारंभाला शिवलेला तो सफारी ते प्रत्येक लग्नात घालत. त्याच्याशिवाय पाहुणे त्यांना ओळखतील की नाही, याचीच शंका होती. कपाटातला हँगर रिकामाच होता.

"अगं, माझा सफारी?"

"इस्त्रीला दिलाय," अंबाडा घालता घालता लंकाबाई शांतपणे म्हणाल्या.

नानांनी खिडकीतून परसात पाहिलं. वांग्यांच्या मधोमध, काठीवर, डोक्याला मडकं घालून सफारी हात पसरून उभा होता. त्याच्या खांद्यावर शिंपीण निवांत बसली होती.

नानांनी कपाटातून लेंगा काढला. लेंग्याची नाडी बांधता बांधता त्यांच्या मनात आलं, आपल्यापेक्षा तो बुजगावण्यालाच बरा बसतोय.