झुंबाळूच्या राजाचं तिसरं कडवं

झुंबाळू ग्रहाचे दोन अधिकारी आले तेव्हा कुमुदिनी शिरगुप्पे इचलकरंजीतल्या आपल्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. दोघं गुडघ्याएवढे, वांग्याच्या रंगाचे, डोक्यावर दोन-दोन शिंगं. पापडांवर पाय पडू नये म्हणून ते कडेकडेनं आले. त्यांतला थोरला म्हणाला, "नमस्कार. आम्ही झुंबाळूहून बोलत आहोत. आमच्या महाराजांचं दुःखद निधन झालं आहे."

मराठी ते रेडिओ ऐकून शिकले होते.

बाईंनी पिठाचे हात पुसले, त्यांना सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. झुंबाळूचं नाव ऐकताच ते कोणत्या गाण्यापायी आले असतील, हे बाईंना कळून चुकलं होतं.

तरुणपणी बाई ऑर्केस्ट्रात गायच्या. एका वर्षी टीव्हीवर दर रविवारी अंतराळयानाची एक मालिका लागायची. चंदेरी कागदाचे कपडे घातलेली माणसं थर्माकोलच्या ग्रहांवर उतरायची आणि सगळं गाव ते बघत बसायचं. ऑर्केस्ट्रातल्या दिलावर मुजावरनं त्यावर एक गाणं रचलं, ते बाईंनी गायलं:

झुंबाळूचा राजा, त्याला शिंगं अडीच,
यानातून उतरला नि मागतो कढीच!

गाणं रेडिओवर लागलं, कॅसेट निघाली, गणपतीच्या मांडवामांडवात वाजलं. बाई शास्त्रीय शिकलेल्या. पुढं कुठंही मारवा आळवायला बसल्या की मागून कुणीतरी ओरडायचं, "कढी!" शेवटी त्यांनी गाणंच सोडलं. सोडताना दिलावरला म्हणाल्या, "तुझ्या कढीनं माझा गळा नासवला." त्यानंतर दोघं बोलले नव्हते.

"आमच्या ग्रहाचं नाव पूर्वी वेगळं होतं," थोरला सांगू लागला. "गाणं पोहोचल्यावर ठराव करून बदललं. महाराजांना जन्मतः अडीच शिंगं होती. अर्धं शिंग ते फडक्यानं झाकत आणि राजवाड्याबाहेर येत नसत. गाणं ऐकलं त्या दिवशी त्यांनी फडकं सोडलं आणि ते बाजारात गेले."

"लोक हसले का?" बाईंनी विचारलं.

"हसले. महाराजही हसले. ते पहिल्यांदाच."

धाकटा अधिकारी पाण्याच्या भांड्यात बघत राहिला.

"दुसऱ्या कडव्यानंतर तुमच्याकडे बातम्या लागल्या," थोरला म्हणाला. "राजाला कढी मिळाली की नाही, ते आमच्यापर्यंत आलं नाही. महाराजांनी जाताना तेवढंच विचारलं. उत्तर मिळेपर्यंत अग्नी देता येत नाही."

बाईंना तिसरं कडवं आठवेना. त्यांनी पापडांवर जुनं लुगडं झाकलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि दोघांना घेऊन दिलावरकडे जायला जयसिंगपूरची एसटी धरली.

कंडक्टरनं दोघांना उंची बघून अर्धं तिकीट फाडलं. कुठले पाहुणे, असं सहज विचारलं. झुंबाळूचे म्हटल्यावर त्याचा हात तिकिटाच्या मशीनवरच थांबला. "आमची आई नाचायची त्यावर," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात. एरवी तिला कधी नाचताना बघितलं नाही." मग तो पुढच्या सीटकडे गेला आणि उतरेपर्यंत मागं आला नाही. इतकी वर्षं ज्याची लाज वाटली, ते गाणं कुणाच्या तरी आईचं होतं, हे बाईंना बसमध्ये कळलं.

दिलावर मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात बसला होता. त्यानं चष्मा वर केला. "ताई, तुम्ही?" मग त्याची नजर पाहुण्यांच्या शिंगांवर गेली. "बसा, बसा. स्टूल एकच आहे."

सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं हातातल्या मिक्सरचा एक स्क्रू घट्ट केला.

"तिसरं कडवं नव्हतंच, ताई. कढीला यमक सुचत होतं तोवर लिहिलं. पुढं पहिलंच परत म्हणायचो आपण."

"म्हणजे महाराज अजून मागतच आहेत," थोरला हळू आवाजात म्हणाला.

"तसं कसं सोडायचं?" बाई म्हणाल्या. "दिलावर, लिही."

"आता कुठं जमतंय मला?"

"पहिली ओळ तू दे. दुसरी मी बघते."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि डोळे मिटले. "झुंबाळूचा राजा बसला पाटावर..."

बाई थांबल्या. त्यांचे ओठ नुसते हलत होते. मग म्हणाल्या, "कढी पिऊन निघाला ताऱ्यांच्या घाटावर."

दिलावरनं मान हलवली. दोन्ही अधिकारी उठून उभे राहिले. थोरल्यानं तळहात पुढं धरला आणि सांगितलं की ग्रहावर सगळे ऐकत आहेत.

"सूर काळी चारच ना?" दिलावरनं फळीवरची पेटी काढत विचारलं.

"आता नाही पोचणार. पांढरी पाच घे."

बाई विलंबितात गायल्या, मारव्यात. अडीच शिंगांवर त्यांनी कोमल रिषभ लावला, आणि कढीवर आवाज जरा कापला तेव्हा तो तसाच कापू दिला. मिक्सर न्यायला आलेला एक माणूस पायरीवर टोपी काढून उभा राहिला. शेवटची ओळ त्यांनी तीनदा घेतली.

थोरल्यानं तळहात कानाशी नेला. "अग्नी दिला," तो म्हणाला.

बाईंनी डोक्यावर पदर घेतला. दिलावर उठला आणि त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"कोण गेलं?" शेजारच्या हार्डवेअरवाल्यानं विचारलं.

"झुंबाळूचे महाराज."

"अरेरे," तो म्हणाला, आणि त्यानंही आपलं शटर ओढून घेतलं.