अठ्ठावीस चौकोन

गोपाळकृष्ण उकिडव्यांनी फ्रिजच्या दारावर अठ्ठावीस चौकोनांचा कागद चिकटवला, त्याच सकाळी घरात पहिला खटका उडाला.

"बाबा, खात्यात थोडे वर ठेवा ना," नीरजा म्हणाली. "दहा-वीस हजार. सेफ्टी म्हणून."

"किती ठेवायला सांगितलेत?"

"बावीस लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे दहा."

"मग तेवढेच आहेत. त्यांना जास्त हवे असते तर त्यांनी जास्त लिहिले असते."

नीरजाला इंग्लंडमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. व्हिसाचा नियम असा होता, की फी आणि राहण्याखाण्याचा खर्च मिळून होणारी रक्कम वडिलांच्या खात्यात सलग अठ्ठावीस दिवस पडून असली पाहिजे. मध्येच एक रुपया जरी कमी झाला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. धायरीचा प्लॉट विकून आणि फंडाचे उरलेसुरले घालून उकिडव्यांनी ती रक्कम उभी केली होती. सरकारी हिशेब तपासणीत छत्तीस वर्षं काढलेल्या या माणसाला तो नियम मनापासून आवडला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर आक्षेप घेतले होते. आता आपला कागद कुणीतरी तपासणार, तर त्यात बोट ठेवायला जागा राहता कामा नये. जास्तीचा रुपया हाही त्यांच्या लेखी आक्षेपच होता.

शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरात रोज चहाच्या आधी एक चौकोन लाल पेन्सिलीने भरला जाऊ लागला. खातं सोवळ्यात असल्यासारखं झालं, कुणी हात लावायचा नाही. विजेचं बिलसुद्धा त्यांच्या पत्नीने, कुसुमताईंनी, स्वतःच्या पैशांतून भरलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी दहाच्या ठोक्याला उकिडवे बँकेत हजर झाले. खिडकीत हडपसरचा संपत होता. इतक्या वर्षांत उकिडव्यांचे अर्ज घेऊन घेऊन त्याचे केस पिकले होते.

"संपतराव, खात्याचा उतारा द्या आणि शिल्लक असल्याचा दाखला द्या. सही-शिक्क्यासह."

"देतो की काका. उद्या या, निवांत करून ठेवतो."

"अठ्ठाविसावा दिवस आज आहे. आजचं काम मी उद्यावर टाकत नाही."

"बरं, ऱ्हायलं."

दहा मिनिटांत दोन्ही कागद हातात पडले. उकिडव्यांनी घरी येऊन चष्मा पुसला आणि उतारा खालपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती, 'दाखला शुल्क, रुपये ११८.' त्यापुढे शिल्लक बावीस लाख अठ्ठेचाळीस हजार चारशे ब्याण्णव. रक्कम पुरेपूर आहे असं सांगणाऱ्या कागदानेच ती कमी केली होती.

ते तसेच उलट्या पावली बँकेत गेले.

"संपतराव, हे काय?"

"दाखल्याचा चार्ज हाय काका. समद्यांचाच कापत्यात."

"मग रोख मागायचात. मी दिला असता."

"रोख चालत न्हाई आता. कॉम्प्युटर आपोआप कापतो. म्हनून तर म्हनलं उद्या या. आजचा दिवस भरला असता."

उकिडव्यांनी उताऱ्याची घडी घातली आणि ते घरी आले.

नीरजा रडली नाही, भांडलीही नाही. तिने लॅपटॉपवर तारखा मांडल्या. आज पुन्हा सुरुवात केली आणि व्हिसासाठी जादा पैसे भरून घाई केली, तर जेमतेम बसत होतं. तिच्या दोन मैत्रिणींची तिकिटं काढून झाली होती. "शेवटचा चान्स आहे, बाबा," एवढंच ती म्हणाली.

फ्रिजवर नवा कागद लागला. उकिडव्यांनी खात्यात मोजून एकशे अठरा रुपये भरले.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी पासबुक भरून घेतलं, आणि त्यात पाच हजार रुपये जास्त निघाले. 'रोख जमा.' त्यांनी तर भरले नव्हते. मग कुणी भरले? का भरले? व्हिसाच्या अधिकाऱ्याने नेमकं हेच विचारलं तर? घरी विचारून पाहावं असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण आक्षेप हा लेखी घ्यायचा असतो. संपत गणपतीसाठी रजेवर होता. उकिडव्यांनी बँकेतच बसून अर्ज लिहिला, की अज्ञात इसमाने माझ्या खात्यात रुपये पाच हजार भरले असून त्याची चौकशी व्हावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत सदर खात्यात कोणताही व्यवहार होऊ देऊ नये. त्यांच्या अर्जाची बँकेने त्याच दिवशी दखल घेऊन खातं बंद ठेवावं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

घरी येऊन त्यांनी ही हकिकत जेवताना सांगितली. कुसुमताईंच्या हातातली पोळी ताटाच्या वरच थांबली.

"अहो, ते मी भरले होते."

"तुम्ही? कशाला?"

"कशाला म्हणजे? पुन्हा काही कापलं तर असावेत म्हणून. माझे भिशीचे होते."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही काढायला लावले असतेत."

हे खरं होतं. नीरजा ताटावरून उठली आणि तिने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

संपत रजेवरून परत येईपर्यंत अर्ज वरच्या कचेरीत पोचला होता. "तुमीच लिवलंय न्हवं काका, चौकशी होईपर्यंत खातं बंद ठेवा म्हनून," तो म्हणाला.

"मग मी तो अर्ज मागे घेतो."

"त्यो बी अर्जच झाला. त्याचा बी नंबर लागंल."

कुसुमताई पावती घेऊन स्वतः बँकेत गेल्या. अज्ञात इसम मीच, असं लिहून देऊन आल्या. तोही कागद रांगेला लागला. व्हिसाचं काम पाहणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं, की बंद खात्यातले पैसे हे पैसे धरत नाहीत. तरीही उकिडवे रोज सकाळी चौकोन भरत राहिले. एकोणतिसाव्या दिवशी भरायला चौकोन उरला नाही, आणि खातं बंदच होतं. मैत्रिणी विमानात बसल्या. विद्यापीठाने कळवलं, की आता जागा थेट जानेवारीत.

त्या दुपारी कुसुमताईंनी नवऱ्याच्या समोर खुर्ची ओढली.

"तुम्हाला तिला पाठवायचंय की नाही, ते एकदा सांगून टाका."

"काय बोलताय? छत्तीस वर्षांत माझ्या हातून अशी चूक झाली नव्हती."

"म्हणूनच विचारतेय."

उकिडव्यांनी हातातलं पासबुक मिटून बाजूला ठेवलं. एकुलती एक मुलगी, घरातलं सगळं बोलणं तिच्यामुळे. ती गेली की या घरात फक्त पासबुक वाचायचं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी 'रुपये ११८' ही ओळ वाचल्यावर धक्क्याच्या आधी क्षणभर त्यांना बरं वाटलं होतं. ते कुठल्या रकान्यात घालावं, हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्याला खातं उघडलं. उकिडव्यांनी कुसुमताईंचे पाच हजार त्यांना परत केले, बँकेत जाऊन पैसे भरायची स्लिप लिहिली आणि खिडकीतून आत सरकवली. संपतने ती दोनदा वाचली.

"काका, पन्नास हजार जास्तीचे? आकडा चुकला न्हाई ना?"

"नाही. भरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर तिसरा कागद दिसला. चहा ओतता ओतता नीरजा त्याच्यासमोर थांबली. तिने बोटाने मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"बाबा, हे एकोणतीस झालेत."

"मोजूनच काढलेत."

"पण नियम अठ्ठावीसचा आहे."

"माहीत आहे मला नियम," उकिडवे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले. "असू दे एक जास्तीचा."